मुंबईच्या सुतारांची ‘सुहैली’

श्रोतेहो, मुलचेऱ्याहून समुद्र फार दूर. आपल्याकडे पाणी म्हणजे प्राणहिता नि वैनगंगा, आणि नाव म्हणजे डोंगा. पूर्व बंगालमधून येऊन इथे वसलेल्या घरांतल्या जुन्या मंडळींनी काय त्या मोठ्या नद्यांवरच्या नावा पाहिलेल्या. मग समुद्रावरच्या शिडाच्या नावेची गोष्ट आज कशाला? कारण ती नाव सागवानाची होती, आणि साग म्हणजे काय हे आलापल्लीच्या रानाशेजारी राहणाऱ्याला कुणी सांगावे लागत नाही.

गोष्ट मुंबईत सुरू होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज ‘ब्रिटिश इंडिया’ या आगबोट कंपनीत अधिकारी होता. मुंबई ते इराणचे आखात, अशा त्याच्या फेऱ्या. आपली स्वतःची नाव बांधावी, तिच्यातच राहावे आणि तिनेच घरी, इंग्लंडला जावे, असे त्याच्या मनाने घेतले. 1963 साली मुंबईत कुलाब्याच्या कारखान्यात काम सुरू झाले. नकाशा जुना, म्हणजे 1920 ते 1930 या दशकातला. विल्यम ॲटकिन या अमेरिकी आरेखकाने तो काढला होता, तोही नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या नावा डोळ्यांपुढे ठेवून. वादळात सापडलेल्या कोळ्यांना वाचवायला ज्या नावा बाहेर पडत, त्यांच्या घडणीची ही नाव.

काम करणारे आपलेच सुतार. हत्यारे कोणती, तर वाकस, हातकरवत आणि दोरीच्या धनुकलीने फिरवायचा सामता. आपल्या गावच्या सुताराच्या पेटीत असत तीच. सागाचे ओंडके चिरून एकेक फळी बेतून बसवली. लांबी 32 फूट, रुंदी 11 फूट. म्हणजे गावातली एक बेताची खोली म्हणा ना. डिसेंबर 1964 मध्ये नारळ फोडून नाव पाण्यात उतरली. नाव ठेवले ‘सुहैली’. आखातातल्या एका वाऱ्याला अरब खलाशी असे म्हणतात. अरबीत सुहैल म्हणजे आपला अगस्तीचा तारा, बरं का! समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीचे नाव अशा नावेशी जुळावे, हा योगच म्हणायचा.

आता या नावेच्या तळाकडे पाहू. नावेच्या बुडाशी मध्यरेषेने जी जाड तुळई जाते, तिला कोकणातले सुतार पठाण म्हणतात. शर्यतीच्या नव्या नावांना तळाशी मधोमध एक अरुंद पाते असते. त्या चपळ वळतात, वेगाने पळतात. ‘सुहैली’चा पठाण मात्र पुढच्या टोकापासून थेट मागच्या सुकाणूपर्यंत लांबच लांब. अशी नाव म्हणजे चाकोरीला लागलेली बैलगाडी. वळायला जड, चालीला मंद; पण एकदा दिशा धरली की धरली. लाटेने ढकलले तरी ती सहसा वाट सोडत नाही. सुकाणूही पठाणाच्या मागे टेकलेले, त्यामुळे त्याला आधार असतो. ज्याला नावेतच राहायचे, जेवायचे, झोपायचे आहे, त्याला वेगापेक्षा हा भरवसा मोलाचा.

1965 च्या अखेरीस रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र मुंबईहून निघाले. दक्षिण आफ्रिकेत पैसे संपले, तेव्हा तिथे काम करून पैसे जमवले आणि 1967 मध्ये इंग्लंड गाठले. पुढच्याच वर्षी तिथल्या एका वर्तमानपत्राने पैज जाहीर केली: एकट्याने, कोठेही न थांबता, शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा. असे तोवर कोणी केलेले नव्हते. नऊ जण निघाले. 29 वर्षांच्या रॉबिनने 14 जून 1968 रोजी फाल्मथ बंदर सोडले, ते याच मुंबईच्या नावेतून.

अडचणी एकामागून एक आल्या. अटलांटिकमध्ये पठाणाजवळच्या सांध्यातून पाणी आत येऊ लागले. त्याने समुद्रात बुड्या मारून फटीत सूत ठासले आणि वर पत्रा ठोकला. मध्येच घिरट्या घालणाऱ्या शार्क माशाला गोळी घालावी लागली. पिण्याचे पाणी नासले, तेव्हा शिडावर पडलेला पाऊस साठवला. आपोआप सुकाणू धरणारे यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमचे मोडले. आता माणूस झोपणार कधी? तेव्हा नावेची घडण कामी आली. शिडे नीट बेतून बांधली की ‘सुहैली’ आपली आपण वाट धरी आणि मालक थोडी झोप घेई. संदेश पाठवायचे यंत्रही बंद पडले. न्यूझीलंड सोडल्यावर चार महिन्यांहून अधिक काळ त्याची काही खबर नव्हती. रेडिओ ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांनी विचार करावा, घरच्यांचे ते दिवस कसे गेले असतील!

22 एप्रिल 1969 रोजी तो फाल्मथला परतला. सुमारे 30 हजार मैल, 312 दिवस. नऊ जणांपैकी शेवटास गेला तो एकटाच. कुणाच्या नावा मोडल्या, कुणी माघार घेतली. मॉइतेसिए नावाचा फ्रेंच नाविक वाट बदलून ताहिती बेटाकडे गेला. डोनाल्ड क्रोहर्स्ट समुद्रावरून परतलाच नाही. त्याच्या कुटुंबाला रॉबिनने बक्षिसाचे 5 हजार पौंड देऊन टाकले.

साग आणि मुंबई यांचे नाते जुने आहे. 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली. 1817 साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागात तेल असते. म्हणून तो सहज कुजत नाही, आणि ओकच्या लाकडासारखे त्यातले लोखंड लवकर खाल्ले जात नाही.

पण लाकूडही जपावे लागते. 1997 मध्ये ‘सुहैली’ लंडनमधल्या ग्रीनिच येथील संग्रहालयात मानाने ठेवली गेली. समुद्राने जे केले नाही, ते तिथल्या कोरड्या हवेने केले. फळ्या आकसू लागल्या. 2002 मध्ये रॉबिनने तिला बाहेर काढले, दुरुस्त केले, पुन्हा पाण्यात घातले. जून 2018 मध्ये प्रवासाला 50 वर्षे झाली, तेव्हा फाल्मथला तो स्वतः तिच्यावर उभा होता. नाव जुनी झाली म्हणून निकामी होत नाही, ती हातावेगळी झाली म्हणजे निकामी होते.

ही विद्या आपल्याकडे अजून आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नावेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये, चार बंदरांत थांबत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्यात ‘सुहैली’च्या घडणीची ‘थुरिया’ बांधली गेली. अभिलाष टॉमी तिच्यातून 2018 च्या शर्यतीत उतरले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि त्यांची सुटका करावी लागली. चांगली नावही समुद्राला जिंकत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण टॉमी 2022 मध्ये लांब पठाणाचीच दुसरी नाव घेऊन पुन्हा निघाले आणि 2023 मध्ये दुसरे आले.

गुरुजनहो, एक विनंती. पृथ्वीप्रदक्षिणेचा धडा शिकवताना मुलांना रॉबिनचे नाव जरूर सांगा, त्याने ते कमावले आहे. मग विचारा, की त्याच्या पायाखालची फळी कोणी बेतली? वाकस धरून बसलेल्या त्या सुतारांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का? आणि मग मुलांना घेऊन गावातल्या सुताराच्या पडवीत जा. त्याचे नाव, त्याच्या गुरूचे नाव, हत्यारांची नावे वहीत उतरवून घ्या. तोही इतिहासच आहे, आणि तो लिहायला अजून उशीर झालेला नाही.