सामाईक: समयाचा की समवायाचा?

सातबाऱ्यावर ‘सामाईक’ हा शब्द दिसला की जाणता माणूस आधी वकिलाची फी विचारतो. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक भिंत… जिच्यावरून भांडण जुंपू शकते अशा वस्तूला हे विशेषण हटकून चिकटलेले दिसते. अलीकडे त्याने कचेरीतही बस्तान मांडले आहे. टेबल कुणाच्या नावाचे नाही, मोकळी खुर्ची दिसेल तिथे बसावे, वाटल्यास घरूनच काम करावे. आणि जड कामांसाठी सर्व्हर-रूममध्ये दोन-तीन तगडी यंत्रे ठेवून त्यांत सगळ्यांनी लांबूनच शिरावे, अशी रीत आता रुळली आहे. बोलताना सगळे ‘कॉमन मशीन’ म्हणतात, पण परिपत्रक मराठीत निघाले तर ‘सामाईक संगणक’ छापून येतो. तर हा ‘सामाईक’ कुठला?

समाईक, सामाईक, सामायिक अशी त्याची तीन रूपे वापरात आहेत. तिसऱ्याकडे पाहिले की मन ‘समया’कडे धावते. पण संस्कृतातला ‘सामयिक’ म्हणजे वेळेवरचा, त्या काळापुरता. गुजरातीत तर नियतकालिकालाच ‘सामयिक’ म्हणतात. त्यातून ‘भागीदारीतला’ हा अर्थ सहज निघत नाही. जैनांचे ‘सामायिक’ ध्वनीने अगदी जुळते: दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, एका आसनावर समभावाने बसायचे व्रत. प्राकृतात ते ‘सामाइय’, आणि परंपरा त्याची फोड ‘सम’ अधिक ‘आय’ अशी करते. ठरलेली जागा, ठरलेला वेळ, मुदत संपली की उठायचे! नव्या कचेरीच्या आसनव्यवस्थेला हे शोभून दिसले असते; पण यातही वाटणीचा अर्थ नाही.

दुसरा दावेदार ‘समवाय’. समवाय म्हणजे समूह, एकत्र येणे. त्यावरून ‘सामवायिक’, आणि मधला ‘व’ विरघळून ‘सामाईक’ झाले असावे. अर्थ चपखल बसतो. शेवटचा ‘क’ शाबूत राहिला, त्या अर्थी शब्द लोकांच्या तोंडी फारसा घासलेला नसून कारकुनी लेखणीतून उतरलेला दिसतो. प्राकृताच्या वाटेने आला असता तर तो ‘क’ बहुधा गळून पडता. गंमत अशी की ‘समय’ म्हणजे सम् अधिक इ, आणि ‘समवाय’ म्हणजे सम्, अव अधिक इ. दोघांचा धातू एकच, ‘जाणे’ या अर्थाचा. म्हणजे ही शुद्ध भाऊबंदकी आहे, आणि वादाची वस्तूही सामाईकच!

वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी समवायाला आणखी पक्के केले. तंतू आणि पट यांचा संबंध समवाय, वेगळा करता न येणारा. टेबल आणि त्यावरचे पुस्तक यांचा नुसता संयोग. पूर्वी कचेरीत माणूस, टेबल आणि संगणक यांचा जवळजवळ समवायच असे. आता उरला तो संयोग, आणि तोही नेटवर्क चालू असेतोवर.

शेजारच्या भाषांनीही या आळीत घरे बांधली आहेत. ‘सामील’ हा ‘सामाईक’चा सख्खा भाऊ वाटतो, पण तो अरबी ‘शामिल’. पंजाबात गावच्या सामाईक जमिनीला त्यावरूनच ‘शामिलात’ म्हणतात. जुन्या मराठीतली ‘सरकत’ म्हणजे भागीदारी, तीही अरबीतूनच, फारसीच्या वाटेने आलेली. हाच शब्द तुर्कस्तानात ‘शिर्केत’ म्हणजे कंपनी झाला आणि इंडोनेशियात इतका ऐसपैस पसरला की तिथे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना ‘अमेरिका सरिकात’ म्हणतात. लांबून केलेल्या कामाला लावतात त्या ‘दूरस्थ’मधला ‘दूर’ मात्र उसना नव्हे. तो संस्कृतातही आहे आणि फारसीतही, एकाच इंडो-इराणी पूर्वजाकडून आलेला. ‘दुर्बीण’ ही त्या फारसी ‘दूर’ला ‘बीन’, म्हणजे पाहणारा, जोडून झालेली.

आता यंत्राकडे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला. बाहेरच्या संस्थांचे संशोधकही तो वापरत; छिद्रित कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. एकाचे काम संपले की दुसऱ्याचे. तिकडे एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्येच वेगळी युक्ती चालवून दाखवली होती. यंत्राने क्षणाचे बारीक तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा एकेकाला द्यायचा. फेरी इतकी झटपट की प्रत्येकाला वाटावे, यंत्र आपलेच. या पद्धतीचे नावच ‘टाइम-शेअरिंग’. विहिरीवरच्या पाळीसारखीच ही वाटणी, फक्त दिवसांच्या ऐवजी मिलिसेकंदांची. आजचे सामाईक यंत्रही मुळात हेच करते. मग व्युत्पत्ती समवायाच्या बाजूने असली, तरी यंत्राची साक्ष समयाच्या बाजूने जाते.

शिवाय ‘समय’चा जुना अर्थ नुसता वेळ नाही, समय म्हणजे करार, एकत्र येऊन ठरवलेला नियम. नारदस्मृतीत ‘समयस्यानपाकर्म’, म्हणजे करार न पाळणे, हे अठरा व्यवहारपदांपैकी, म्हणजे दाव्याच्या विषयांपैकी, एक आहे. सामाईक यंत्र चालते ते या अर्थाच्या समयावर. लांबून काम करणारा संध्याकाळी खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करतो आणि संपले काम म्हणून उठतो. पण त्या फुलीने तुटते ती फक्त जोडणी. सत्र यंत्रात तसेच जिवंत राहते, उघड्या फायली मेमरी अडवून बसतात आणि सकाळी दुसऱ्याचे काम रांगते. साइन-आउट करणे हा त्या कचेरीचा समय.

तो मोडणाऱ्याला मनुस्मृतीत नेमका शब्द आहे, ‘समयभेदी’. गाव किंवा संघ यांच्याशी केलेला करार लोभाने मोडणाऱ्याला राजाने राष्ट्राबाहेर घालवावे, असे आठवा अध्याय सांगतो. कचेरीतला अ‍ॅडमिन सत्र बळाने बंद करून थांबतो, हे त्यातल्या त्यात सौम्य म्हणायचे. आणि मनूचा दंड लावायचा म्हटला, तरी आधीच दूरस्थ असलेल्याला हद्दपार करायचे ते कुठून?