जोडीदाराकडे परदेशी जाताना : सज्ञान अपत्याचे वय

अमेरिकेत ग्रीनकार्डधारक असलेल्या पतीकडे कोल्हापूरहून जाणाऱ्या पत्नीस अविवाहित अपत्य सोबत नेता येते. मात्र ते २१ वर्षांच्या आतील हवे. म्हणजे आपल्याकडे १८ व्या वर्षी सज्ञान झालेला, महाविद्यालयात शिकणारा मुलगा तेथे अद्याप 'मूल'च असतो. २००२ च्या तेथील कायद्यान्वये अर्जाची छाननी चालू असलेला काळ वयातून वजा होतो. व्हिसाच्या रांगेतील वर्षे मात्र वजा होत नाहीत. २१ ओलांडले, की अपत्य निराळ्या, सहसा अधिक लांबच्या रांगेत जाते.

पती अमेरिकी नागरिक असल्यास पत्नीच्या अर्जात मुले येतच नाहीत. प्रत्येकासाठी स्वतंत्र अर्ज लागतो आणि अर्जाच्या दिवशीचे वय कायम धरले जाते. हे बहुतेकांच्या ध्यानी उशिरा येते.

'जाण्याआधी मुलीचे दोनाचे चार हात करू' हा विचार तर फारच महागात पडतो. ग्रीनकार्डधारक पित्याने अविवाहित मुलीसाठी केलेला अर्ज तिचा विवाह होताच रद्द होतो. पिता नागरिक झाल्यावर विवाह झाल्यास अर्ज टिकतो, प्रतीक्षा वाढते.

कॅनडात ही वयोमर्यादा ऑक्टोबर २०१७ पासून २२ आहे, त्यापूर्वी १९ होती. ब्रिटनमध्ये ती १८ आहे.

महापालिकेच्या जन्मदाखल्यावर अपत्याचे नाव आहे ना, हे प्रथम पाहावे.