विंडोजमधील ‘मेटाफाइल’ भगदाड आणि नऊ दिवसांनी आलेले ठिगळ

संगणकावर एखादे चित्र पाहणे हे सर्वांत निरुपद्रवी काम समजले जाते. अनोळखी प्रोग्रॅम चालवू नये, परक्या ई-मेलसोबत आलेली फाइल उघडू नये, इतपत सावधगिरी वापरकर्त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. मात्र नुसते चित्र डोळ्यांसमोर येताच संगणक दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतो, हे सामान्य वापरकर्त्याच्या ध्यानीमनीही नसते. २००५ सालच्या अखेरच्या आठवड्यात नेमके हेच घडले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीतील चित्रे दाखवणाऱ्या भागातच भगदाड असल्याचे उघड झाले आणि ते बुजवण्यापूर्वीच हल्लेखोरांनी त्याचा वापर सुरू केला होता. सुरक्षात्रुटी कशी जन्मते, तिच्यावर ‘पॅच’ म्हणजे ठिगळ कसे लावले जाते आणि त्यासाठी लागणाऱ्या वेळेची किंमत काय असते, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण आजही उपयुक्त ठरते.

चित्र नव्हे, आज्ञांची यादी

विंडोजमध्ये पडद्यावर किंवा कागदावर काहीही रेखाटण्याचे काम ‘ग्राफिक्स डिव्हाइस इंटरफेस’ म्हणजेच जीडीआय हा भाग करतो. अक्षरे, रेषा, रंग, आकृत्या यांसाठी प्रोग्रॅम जीडीआयला आज्ञा देतात आणि तो त्या पडद्यावर किंवा प्रिंटरवर उतरवतो.

छायाचित्राच्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवलेला असतो. ‘विंडोज मेटाफाइल’ म्हणजेच डब्ल्यूएमएफ या प्रकारात मात्र जीडीआयला द्यावयाच्या आज्ञाच ओळीने साठवलेल्या असतात. इथून तिथे रेषा काढा, हा भाग निळ्या रंगाने भरा, अशा स्वरूपाची ती यादी असते. फाइल उघडली की जीडीआय ती यादी वाचत जातो आणि चित्र साकारते. १९९० सालच्या विंडोज ३.० च्या काळातील ही रचना. तेव्हाच्या संगणकांची स्मरणशक्ती तुटपुंजी होती आणि कमी जागेत चित्र बसवण्याचा हा मार्ग सोयीचा होता.

छपाईच्या सोयीतून धोका

त्या काळी छपाई हे वेळखाऊ काम होते. चालू असलेली छपाई मध्येच रद्द करता यावी, यासाठी प्रोग्रॅमने स्वतःचा एक छोटा आज्ञासंच जीडीआयकडे नोंदवून ठेवायचा, अशी सोय करण्यात आली. ‘सेट-अबॉर्ट-प्रॉक’ असे तिचे नाव. प्रोग्रॅमने स्वतः ही नोंद करण्यात काही गैर नव्हते. अडचण अशी की, हीच नोंद मेटाफाइलच्या आत ठेवली तरी जीडीआय ती स्वीकारत असे. परिणामी फाइल बनवणाऱ्याने त्या जागी स्वतःचा घातक आज्ञासंच ठेवला, तर चित्र दाखवता दाखवता विंडोज तोही चालवत असे.

या त्रुटीचे वेगळेपण येथेच आहे. ही हिशेबातील चूक नव्हती की टंकलेखनातील. ही जाणीवपूर्वक दिलेली सोय होती. संगणक एकटे असताना ती बनवली गेली आणि ते इंटरनेटला जोडले गेल्यावर धोकादायक ठरली. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी ‘वाइन’ नावाचा मुक्त प्रकल्प आहे. त्यात विंडोजच्या वर्तनाचे इतके निष्ठेने अनुकरण केले होते की, तेच भगदाड तेथेही आढळले.

बचाव अवघड होण्याचे आणखी एक कारण होते. विंडोज अशी फाइल केवळ नावावरून नव्हे, तर आतील मजकुरावरून ओळखत असे. त्यामुळे घातक मेटाफाइलला जेपीजी छायाचित्राचे नाव दिले तरी ती आपले काम करीत असे. इंटरनेट एक्स्प्लोररमधून दूषित पान पाहणे किंवा फोल्डरमधील चित्राची लघुप्रतिमा दिसणे पुरेसे होते.

नऊ दिवसांची धावपळ

२७ डिसेंबर २००५ रोजी या त्रुटीचा गैरफायदा घेणारी संकेतस्थळे उघडकीस आली. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली. त्यावेळी ठिगळ तयार नव्हते. कंपनीने तात्पुरता उपाय सुचवला. चित्रे व फॅक्स दाखवणाऱ्या विंडोजच्या घटकाची नोंदणी रद्द करावी, असा तो होता. त्यामुळे लघुप्रतिमा दिसेनाशा होत, आणि मूळ भगदाड जीडीआयमध्ये असल्याने ते तसेच राही.

या पोकळीत ३१ डिसेंबर रोजी इल्फाक गिल्फानोव पुढे आले. प्रोग्रॅमच्या आतील रचना उलगडून दाखवणाऱ्या ‘आयडीए’ या प्रसिद्ध साधनाचे ते जनक. त्यांनी स्वतःच ठिगळ बनवून मोफत दिले आणि सोबत मूळ आज्ञावलीही खुली केली. अमेरिकेतील सॅन्स संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने ती तपासून पाहिली आणि अधिकृत उपायाची वाट न पाहता हे ठिगळ लावण्याचा सल्ला दिला. फिनलंडच्या एफ-सिक्युअर कंपनीनेही त्याला दुजोरा दिला. मागणी एवढी वाढली की, गिल्फानोव यांचे संकेतस्थळ त्या भाराने कोलमडले.

मायक्रोसॉफ्टची भूमिका मात्र वेगळी होती. परक्या ठिगळाची हमी कंपनी देऊ शकत नाही, ग्राहकांनी अधिकृत ठिगळाचीच वाट पाहावी, असे तिचे म्हणणे होते. हे ठिगळ १० जानेवारी २००६ रोजी, म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारच्या ठरलेल्या वेळी देण्याचे नियोजन होते. जीडीआयवर विंडोजमधील बहुतेक प्रोग्रॅम अवलंबून असतात. त्यात घाईने केलेला बदल छपाई किंवा कार्यालयीन प्रोग्रॅम बंद पाडू शकतो. त्यामुळे चाचणीचा आग्रह निराधार नव्हता. मात्र हल्ले सुरू असताना प्रतीक्षेची किंमत वापरकर्ताच मोजत होता. अखेर चाचण्या अपेक्षेपेक्षा लवकर पूर्ण झाल्याचे सांगत मायक्रोसॉफ्टने ५ जानेवारीलाच ‘एमएस०६-००१’ या क्रमांकाचे ठिगळ प्रसिद्ध केले.

ठिगळाने काय केले?

उपाय साधा होता. मेटाफाइलच्या आतून येणारी ‘सेट-अबॉर्ट-प्रॉक’ नोंद स्वीकारणेच जीडीआयने बंद केले. प्रोग्रॅमने थेट नोंद करण्याची जुनी सोय मात्र कायम ठेवण्यात आली, जेणेकरून छपाई बिघडू नये. दार दुरुस्त करण्याऐवजी नको असलेले दारच भिंतीने बंद करावे, तसा हा प्रकार.

हे ठिगळ विंडोज २०००, एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांना मिळाले. विंडोज ९८ व मिलेनियम यांत सदोष भाग असला तरी हल्ल्याचा गंभीर मार्ग आढळलेला नाही, असे कारण देऊन त्यांना वगळण्यात आले. संगणकतज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन यांनी ही त्रुटी म्हणजे मुद्दाम ठेवलेले चोरदार असावे, अशी शंका व्यक्त केली. मायक्रोसॉफ्टने ती फेटाळली. विंडोजचे अभ्यासक मार्क रुसिनोविच यांनीही स्वतंत्र तपासणीअंती हा रचनेतील दोष असल्याचाच निष्कर्ष काढला.

धडा कितपत घेतला?

सप्टेंबर २००६ मध्ये वेक्टर चित्रे दाखवणाऱ्या दुसऱ्या घटकात भगदाड आढळले, तेव्हा ‘झर्ट’ या स्वयंसेवी तज्ज्ञगटाने अनधिकृत ठिगळ दिले आणि मायक्रोसॉफ्टनेही ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता २६ सप्टेंबरला आपले ठिगळ आणले. २००७ मध्ये हलत्या कर्सरच्या फाइलमधील त्रुटीने पुन्हा तारांबळ उडवली. त्या फाइलसाठी २००५ मध्येच एक ठिगळ लावले गेले होते, पण तीच तपासणी शेजारच्या आज्ञावलीत राहून गेली होती. ३ एप्रिल २००७ रोजी तेही भगदाड वेळापत्रकाआधी बुजवावे लागले.

या प्रकरणांचे सार स्पष्ट आहे. बाहेरून आलेल्या फाइलमध्ये माहिती असावी, हुकूम नसावेत. ही सीमारेषा जेथे पुसट होते तेथे धोका जन्म घेतो. दुसरे असे की, ठिगळ प्रसिद्ध झाले म्हणजे संगणक सुरक्षित झाला असे नव्हे. ते प्रत्यक्ष लावले गेले तरच उपयोग. ज्या प्रणालीचे पाठबळ संपते तिला नवी ठिगळे मिळत नाहीत. विंडोज एक्सपीवर ही वेळ ८ एप्रिल २०१४ रोजी आली. विंडोज १० ची नियमित मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुना संगणक व्यवस्थित चालतो, एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असे मानणे म्हणूनच धोक्याचे. स्वयंचलित अद्ययावतीकरण सुरू ठेवणे, ठिगळ अधिकृत ठिकाणाहूनच घेणे आणि प्रणालीचे पाठबळ कधी संपणार हे वेळीच पाहून ठेवणे, ही त्रिसूत्री घरच्या संगणकासाठीही तितकीच आवश्यक आहे.