सपाट रेषेपाशी

डिसेंबर १९४०. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात आहे. सॉरबॉनच्या प्रयोगशाळेत तुम्ही जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांच्या खांद्याआडून पाहताय. चंबूत जिवाणू, त्यांच्या पुढ्यात दोन साखरा. मोनो द्रवाचा गढूळपणा मोजतात, कागदावर ठिपका देतात. ठिपके चढत जातात आणि मध्येच रेष आडवी होते. संपलं सगळं, असं तुम्हाला वाटतं. पण थांबा. काही वेळानं ती पुन्हा चढायला लागते. जिवाणूंनी आधी ग्लुकोज संपवलं, दुसऱ्या साखरेला नंतर हात घातला. मधल्या वेळात काय चाललं होतं? मोनो आलेख घेऊन पाश्चर इन्स्टिट्यूटमधले जीवशास्त्रज्ञ आंद्रे ल्वॉफ यांच्याकडे जातात. ल्वॉफ म्हणतात, विकरांशी, म्हणजे साखर पचवणाऱ्या प्रथिनांशी, याचा संबंध असावा.

आता १९८४. अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ. रसायन अभियंते दोराईस्वामी रामकृष्ण मुंबईत, माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले. कोम्पला आणि त्साओ या सहकाऱ्यांसोबत ते त्याच आडव्या रेषेपाशी बसलेत. ते म्हणतात, पेशी मोजक्या कमाईत संसार करते. दुसरी साखर पचवायचं विकर बनवायलाही माल लागतो, म्हणून जिच्यावर वाढ भराभर होते ती साखर आधी. पेशीला मन नाही; पण ती वाढीचा हिशेब नेमका ठेवते असं धरून त्यांनी समीकरणं मांडली. पुढे एकेका साखरेवरची वाढ स्वतंत्र मोजली, तेवढेच आकडे संगणकाला दिले आणि मिश्रणात काय होईल ते विचारलं. पडद्यावरची रेष चढते, अडते, पुन्हा चढते. प्रयोगातले ठिपके तिच्या अंगालगत बसतात. मला या साऱ्या इतिहासात याहून मोठा क्षण दिसत नाही: मिश्रणाचा एकही आकडा न देता मिश्रणाचं वागणं कळलं.

आणि हा आजचा दिवस. स्टीलच्या टाकीत हॅमस्टरच्या पेशी औषधी प्रतिपिंडं बनवताहेत. ग्लुकोज जास्त पडलं तर त्या लॅक्टेट सोडतात, ते साचलं की वाढ खुंटते. कमी पडलं तर उपाशी राहतात. मात्रा किती आणि केव्हा, हे अशाच समीकरणांनी आधी संगणकात आजमावता येतं. त्यामुळे कित्येक टाक्या वाया जायच्या वाचतात.

पेशींचं वागणं समीकरणांत मांडायचं हे शास्त्र शिकायला निघालेल्या मुलामुलींनो, तयार सॉफ्टवेअर उघडण्याआधी एकदा मोनोंचा तो आलेख स्वतःच्या हातानं काढा. ठिपका-ठिपका देत.