फौजीचं कर्ज आणि विमानाचे माइल्स



मागच्या वर्षी कंपनीने मला सहा महिने व्हर्जिनियात नॉरफोकला पाठवलं होतं. नॉरफोक म्हणजे जगातला सर्वात मोठा नाविक तळ. क्लायंटच्या टीममध्ये एक बाई होत्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, नवरा नौदलात. एकदा जेवणाचं बिल द्यायला त्यांनी पर्समधून एक कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं तर चक्क 'टण्' असा आवाज आला. धातूचं कार्ड! आपल्याला असल्या गोष्टींची भारी उत्सुकता. म्हटलं, याची वार्षिक फी किती?

"शून्य."

माझ्या पुण्याच्या कार्डाची फी मी दरवर्षी शिव्या देत भरतो. आणि हे कार्ड साधं नव्हतं. अमेरिकन एक्सप्रेस प्लॅटिनम, ज्याची फी २०२१ पासून ६९५ डॉलर होती आणि २०२५ मध्ये ८९५ झाली. अशी त्यांच्याकडे तीन, नवऱ्याकडे आणखी तीन. सगळ्यांची फी शून्य, कारण नवरा फौजेत. पुढे त्या सहज म्हणाल्या, "याच माणसाने १९ वर्षांचा असताना तळाच्या गेटबाहेरच्या दुकानातून ३०० डॉलर उचलले होते. ते फेडायला वर्ष गेलं."

तर या दोन वाक्यांच्या मधे काय घडलं हे शोधण्यात माझे चार शनिवार गेले. ते आज तुमच्या माथी मारतो आहे :)

सुरुवात बरीच मागे जाते. माणूस लढाईवर गेला की घरी तगादे सुरू होतात, ही अडचण यादवी युद्धाच्या वेळीच लक्षात आली होती आणि तेव्हा अनेक राज्यांनी सैनिकांवरचे दावे थांबवणारे कायदे केले होते. पण सगळ्या देशासाठी नीट विचार करून केलेला कायदा आला मार्च १९१८ मध्ये. तो लिहिण्यात मुख्य हात जॉन विग्मोर यांचा, नॉर्थवेस्टर्नच्या लॉ स्कूलचे डीन, युद्धासाठी गणवेश चढवून मेजर झालेले. त्यांची युक्ती मला फार आवडली. सरसकट कर्जमाफी नाही, सरसकट बंदीही नाही. न्यायाधीशाने बघायचं की फौजेत गेल्यामुळे या माणसाला खरंच पैसे देणं जमत नाहीये का, आणि तसं असेल तर दावा थांबवायचा. (आपल्याकडेही १९२५ चा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट आहे. रणभूमीवर असलेल्या सैनिकाविरुद्धचा दिवाणी दावा त्यामुळे थांबवता येतो. सातारा-कोल्हापूरकडच्या घरांत हे नाव एखाद्या म्हाताऱ्याला तरी माहीत असेल.)

१९४० मध्ये तोच कायदा पुन्हा आला आणि १९४२ च्या दुरुस्तीत एक आकडा आला: सहा टक्के. फौजेत भरती होण्याआधी घेतलेल्या कर्जावर, नोकरीच्या काळात सहा टक्क्यांहून जास्त व्याज नाही. २००३ मध्ये या कायद्याला नवं रूप आलं आणि एक पळवाट बुजली. वरचं व्याज पुढे ढकलायचं नाही, ते माफच. शिवाय 'व्याज' म्हणजे नुसतं व्याज नाही, फीसुद्धा त्यातच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरा धागा, विमानाचा. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांना माइल्स द्यायला सुरुवात केली. १९८७ मध्ये सिटीबँकेचं कार्ड त्याला जोडलं गेलं, म्हणजे विमानात न बसताही माइल्स. किराणा आणा, माइल्स घ्या. हे पैसे येतात कुठून? थोडे दुकानदाराकडून कापलेल्या कमिशनमधून, आणि थोडे महिन्याचं पूर्ण बिल न भरणाऱ्यांच्या व्याजातून. आणि व्याजाला तिथे फारसा लगाम राहिला नव्हता. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बँक ज्या राज्यात आहे तिथला व्याजदर तिने देशभर लावावा. लगेच साउथ डाकोटाने मर्यादा उठवली आणि सिटीबँकेने कार्डाचा धंदा तिकडे हलवला.

फौजी कुटुंबाला या माइल्सचं अप्रूप का, हे नॉरफोकला राहिल्याशिवाय कळलं नसतं. दोन-तीन वर्षांनी बदली. व्हर्जिनियाहून सॅन डिएगो, तिथून जपान. आजी-आजोबा कायम विमानाच्या अंतरावर. सामानाचं आणि बदलीच्या प्रवासाचं सरकार बघतं, पण नातवंडांना आजीकडे न्यायचं तिकीट सरकार देत नाही. आपल्या फौजींना रेल्वेचं वॉरंट तरी असतं!

गंमत म्हणजे सरकारी कामाच्या प्रवासात मिळालेले माइल्ससुद्धा आधी त्यांचे नव्हते. ते सरकारचे. महिनोन्‌महिने घराबाहेर उडायचं ह्यांनी, आणि माइल्स खात्याचे. डिसेंबर २००१ च्या संरक्षण कायद्यात ही अट काढली गेली आणि तेव्हापासून ते माइल्स ज्याचे त्याला. (सरकारी प्रवासाचं कार्ड मात्र वेगळं असतं, ते वापरावंच लागतं आणि त्यावर खाजगी पॉइंट मिळत नाहीत. तेवढी हुशारी सरकारने शिल्लक ठेवली आहे.)

मग आलं इराक. सप्टेंबर २००३ पासून आघाडीवरच्या सैनिकांना १५ दिवसांची सुट्टी मिळायला लागली. विमान त्यांना बाल्टिमोरला आणून सोडायचं. पुढे? पुढचं तिकीट स्वतःच्या खिशातून. टेक्ससचा पोरगा, वाळवंटातून आलेला, बाल्टिमोरच्या काउंटरवर उभा राहून आयत्या वेळचं महागडं तिकीट काढतोय. मेरीलँडचे खासदार डच रुपर्सबर्गर यांनी लोकांना आवाहन केलं की तुमचे पडून असलेले माइल्स ह्यांना द्या. हीच ती 'ऑपरेशन हीरो माइल्स'. लोकांनी दिले. नंतर काँग्रेसने त्या प्रवासाचा खर्च सरकारवर घेतला, पण योजना थांबली नाही. फिशर हाउस फाउंडेशनने ती चालवायला घेतली, आणि ते माइल्स जखमी सैनिकांच्या आई-वडिलांना, बायका-मुलांना हॉस्पिटलपर्यंत आणायला वापरले जाऊ लागले. मला वाटतं कोणाच्या तरी किराण्यावर जमलेल्या माइल्सचा याहून चांगला उपयोग झालेला नाही.

आणि आता ते ३०० डॉलर. तळांच्या बाहेर त्या काळात पगारावर उचल देणाऱ्या दुकानांची रांग असायची. फौजीचा पगार महिन्यातून दोनदा, अगदी ठरलेल्या दिवशी. सावकाराला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं! दर १०० डॉलरला दोन आठवड्यांसाठी १५ डॉलर, ऐकायला किरकोळ. वर्षात २६ वेळा गुणा, ३९० टक्के. ३०० डॉलरची उचल पंधरवड्याला ४५ डॉलर देऊन पुढे ढकलत राहिलात तर वर्षात ११७० डॉलर जातात आणि मुद्दल जिथल्या तिथे. शिवाय कर्जात बुडालेल्या सैनिकाचं सुरक्षा क्लिअरन्स जाऊ शकतं, आणि क्लिअरन्स गेलं की काम गेलं. ऑगस्ट २००६ मध्ये पेंटॅगॉनने काँग्रेसला अहवाल दिला तो याच काळजीने. सिनेटर जिम टॅलेंट आणि बिल नेल्सन, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, यांनी दुरुस्ती आणली आणि ऑक्टोबर २००६ मध्ये मिलिटरी लेंडिंग अ‍ॅक्ट झाला. सैनिक आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं कुटुंब, यांना ३६ टक्क्यांपेक्षा महाग कर्ज नाही.

आता माझ्यातला प्रोग्रामर जागा होतो. २००७ चे नियम लिहिताना 'पगारी उचल' म्हणजे काय याची व्याख्या करावी लागली: २००० डॉलरपर्यंत, ९१ दिवसांपर्यंत. झालं! सावकारांनी ९१ दिवसांच्या वरची कर्जं काढली, किंवा २००० डॉलरच्या थोडी वरची. बाउंड्री कंडिशन तपासली नाही की काय होतं ते आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. हा बग दुरुस्त व्हायला २०१५ उजाडलं. नवा नियम जवळजवळ सगळ्याच ग्राहक-कर्जांना लागू झाला, ऑक्टोबर २०१६ पासून. क्रेडिट कार्डांना आणखी एक वर्ष, ३ ऑक्टोबर २०१७ पर्यंत.

आणि इथे दोन्ही धागे भेटतात. ३६ टक्क्यांच्या हिशेबात फीसुद्धा धरायची. समजा कार्डाची फी ४५० डॉलर आणि पहिल्या महिन्याची उधारी १००० डॉलर. ४५० म्हणजे महिन्याला ४५ टक्के, गुणिले १२, वर्षाला ५४० टक्के. म्हणजे मखमली डब्यातून येणारं प्लॅटिनम कार्ड कागदावर गेटबाहेरच्या सावकारापेक्षा महाग! नियमात 'वाजवी' फीला सवलत आहे, पण वाजवी म्हणजे किती यावर कोर्टात कोण भांडणार? बँकांनी आधीच हात पोळून घेतले होते. २०११ मध्ये चेसने सुमारे ४००० फौजी कुटुंबांकडून गृहकर्जावर जास्त पैसे घेतल्याचं कबूल केलं होतं. २०१२ मध्ये कॅपिटल वनने सुमारे १ कोटी २० लाख डॉलर देऊन अशाच प्रकरणात तडजोड केली होती. अमेरिकन एक्सप्रेस तर जुन्या कायद्याखाली आधीपासून फी सोडत होतीच. चेसने सप्टेंबर २०१७ पासून उघडलेल्या कार्डांवर ती सोडली. फी शून्य करा असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. वकिलाच्या फीपेक्षा कार्डाची फी सोडणं स्वस्त, असा हिशेब झाला असावा असा माझा अंदाज.

अर्ज आला की बँक संरक्षण खात्याच्या डेटाबेसला विचारते, हा माणूस किंवा त्याची बायको या कायद्यात बसते का. उत्तर 'हो' आलं की झालं. बायकोलाही स्वतःच्या नावावर कार्ड मिळतं, म्हणून घरात सहा.

हे सगळं मी बाईंना उत्साहाने सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, फी शून्य आहे, व्याज नाही. ३६ टक्क्यांच्या आत बँक हवं ते लावते. तळावरची कितीतरी पोरं पॉइंटसाठी खर्च करतात आणि मग पूर्ण बिल भरता येत नाही. कर्ज तेच, फक्त दुकान गेटबाहेरून खिशात आलं. त्यांच्याकडे मात्र एक एक्सेल शीट होती (अशी माणसं मला लगेच आवडतात). कुठलं कार्ड कधी घेतलं, बिल कधी भरलं. आणि शेवटचा कॉलम, 'बंद करायची तारीख'. नवरा दोन वर्षांनी निवृत्त होणार, त्यानंतर फी परत सुरू होऊ शकते. सहाही ओळींत तारीख भरलेली होती.

डिसेंबरात चौघं सॅन डिएगोला आजीकडे निघाले होते. माइल्सवर चार तिकिटं, खिशातून माणशी एका बाजूचे ५ डॉलर ६० सेंट, सिक्युरिटीची फी. ती काही कुणी माफ करत नाही!

चला, कुकरची तिसरी शिट्टी झाली. भेटू पुढच्या शनिवारी.