‘यूज्ड टू’चा हरवलेला वर्तमानकाळ

शासकीय सेवेत असताना १९८८ साली आमच्या हातून एक वाक्य लिहिले गेले, ते आजही सलते. हाताखालच्या एका लिपिकाच्या गोपनीय अहवालात आम्ही इंग्रजीत शेरा मारला, ‘ही यूज्ड टू कम लेट.’ पूर्वी उशिरा येत असे, आता सुधारला आहे, असा आमचा आशय. पैकी उत्तरार्ध मनातच राहिला. वरिष्ठांनी त्याचा अर्थ ‘तो नेहमी उशिरा येतो’ असा घेतला आणि त्या गृहस्थाची वेतनवाढ वर्षभर रोखली गेली. आम्ही खुलासा पाठविला, पण तो पोचेपर्यंत आदेश निघाला होता.

वरिष्ठांचे इंग्रजी कच्चे, असे म्हणून तेव्हा आम्ही आपले समाधान करून घेतले. पुढे या प्रयोगाचा इतिहास वाचनात आला आणि ते समाधानही गेले.

‘यूज’ हे क्रियापद लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. ‘वापरणे’ या अर्थाबरोबर ‘प्रघात असणे’ हा अर्थही त्याला मध्ययुगातच मिळाला होता, आणि त्या अर्थी ते वर्तमानकाळीही चाले. ‘त्याचा येण्याचा परिपाठ आहे’ यासाठी ‘ही यूजेस टू कम’ म्हणण्यात काही वावगे नव्हते. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, ११९व्या स्तोत्रात, ईश्वराला उद्देशून वर्तमानकाळीच हा प्रयोग केलेला आढळतो. सवय सांगावयास साधा वर्तमानकाळ पुरेसा होताच. हळूहळू हे वर्तमानकाळी रूप मागे पडले आणि भूतकाळी तेवढे उरले. तेही असे घट्ट झाले की, दोन शब्द मिळून ‘यूस्टू’ असा एकच उच्चार होऊ लागला. नकार करताना मात्र खुद्द इंग्रजही घुटमळतात. ‘यूज्ड नॉट टू’ हे जुने वळण, ‘डिड नॉट यूज टू’ हे आजचे. ‘आय अॅम यूज्ड टू’, म्हणजे ‘मला सवय आहे’, हा प्रयोग निराळा. त्याच्यापुढे ‘गो’ न येता ‘गोइंग’ येते. शाळेत आमचे गुण हमखास येथेच जात.

आपल्याकडे ‘माय सन यूज्ड टू फोन मी एव्हरी संडे’ असे आनंदाने सांगणारे पुष्कळ भेटतात. मुलगा अजूनही फोन करतो, हे त्यांना सांगावयाचे असते. इंग्रजांनी टाकून दिलेला वर्तमानकाळ त्यांनी नकळत परत आणला आहे. आमच्या वरिष्ठांनीही तेच केले होते.

मराठीत याच्या उलट घडले. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत ‘करी’ म्हणजे ‘करतो’. तेच रूप आज ‘आजी रोज तुळशीची पूजा करी’ अशा वाक्यात गतकाळाची रीत सांगते. शाळेत त्याला आपण रीतिभूतकाळ म्हणत आलो. इंग्रजीतले वर्तमान रूप नाहीसे झाले; मराठीतले भूतकाळात जाऊन बसले.

पण आमच्या हैदराबादेतील घरांतून तेही आता उठू लागले आहे. दखनीतील ‘जाते थे’ कानांवर बसल्यामुळे असेल, मुले सरसकट ‘जात होते’ म्हणतात. जाणे एका दिवसाचे की चाळीस वर्षांचे, हे त्यावरून कळत नाही.

मध्यंतरी नातवाला आम्ही सांगत होतो, “तुझे पणजोबा संध्याकाळी ग्रंथालयात जात असत.” त्याने विचारले, “असत म्हणजे?” आम्ही ‘जाई’, ‘येई’, ‘करी’ अशी रूपे सांगून पाहिली. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे, ही यूज्ड टू गो?”

आम्ही होय म्हणालो.