बैलाच्या श्रमावाचूनचे अन्न : ऋषीच्या भाजीचा इतिहास

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रातील आणि विशेषतः कोकणपट्टीतील अनेक घरांत जी मिश्र भाजी शिजते तिला ऋषीची भाजी म्हणतात. काही भागांत तिचे नाव कंदमूळ असेही आहे. अळूची पाने, देठ आणि आळकुड्या, माठाचे जाड देठ, सुरण, लाल भोपळा, पडवळ, शिराळे, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे, आंबटपणासाठी चिंच किंवा अंबाडे, हिरवी मिरची आणि वरून ओले खोबरे, एवढ्या साहित्यावर ती बहुतेक घरी भागते. तेलाची फोडणी तिला नसते, मसाला नसतो, फार तर घराच्या रीतीप्रमाणे थोडे तूप किंवा लोणी पडते. चतुर्थीच्या मोदकांपुढे ती साधी दिसते, परंतु शेतीच्या आणि स्वयंपाकाच्या इतिहासाचा जेवढा ऐवज या एका पातेल्यात सापडतो तेवढा सणावाराच्या दुसऱ्या क्वचितच पदार्थात सापडेल.

या भाजीचे मूळ तिच्या चवीत नसून एका नियमात आहे. ऋषिपंचमीचे व्रत करणाऱ्या स्त्रीने त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खाऊ नये, म्हणजे नांगरलेल्या जमिनीत पिकलेले धान्य व भाजी वर्ज्य करावी, असा तो नियम होय. संस्कृतात अशा न नांगरता उगवणाऱ्या अन्नाला ‘अकृष्टपच्य’ अशी संज्ञा आहे, आणि मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाने, म्हणजे गृहस्थाश्रम सोडून वनात राहणाऱ्याने, नांगराच्या फाळाने उकरलेल्या भूमीतले अन्न खाऊ नये असे सांगितलेले आहे. कश्यपापासून वसिष्ठापर्यंतच्या सात ऋषींची आणि अरुंधतीची पूजा ज्या दिवशी करायची, त्या दिवशी गृहिणीने एक दिवसापुरता त्यांचा वनातला आहार घ्यावा, अशी ही जोडणी दिसते. भाताऐवजी वरीचे तांदूळ किंवा पाणथळ जागी आपोआप उगवणारा देवभात शिजवण्याची रीतही याच धाग्यातली आहे, कारण रानातला भात, ज्याला संस्कृत वाङ्मयात नीवार म्हटले आहे, तो आश्रमवासीयांचे अन्न म्हणून कालिदासाच्या शाकुंतलातही येतो.

व्रताची कहाणी मात्र वेगळ्या दिशेने जाते. रजस्वला असताना विटाळ न पाळल्याच्या दोषाने एक ब्राह्मणी कुत्रीच्या आणि तिचा पती बैलाच्या जन्माला गेला, दोघेही आपल्या मुलाच्याच घरी राहिले, आणि मुलाने केलेल्या ऋषिपंचमीच्या व्रताने त्यांची सुटका झाली, असा तिचा आशय आहे. स्त्रीच्या देहधर्माला पाप ठरवणारा हा भाग आज कोणत्याही विचारी माणसाला मान्य होण्यासारखा नाही, आणि अनेक घरांनी व्रत सोडून केवळ भाजी ठेवली हे योग्यच झाले. तरीही त्या कहाणीत मुलाच्या शेतात दिवसभर राबून उपाशी राहणारा बैल हा प्रत्यक्ष बापच आहे, ही गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. महाराष्ट्रात बऱ्याच भागांत श्रावणी अमावास्येला पोळा होतो, त्या दिवशी बैलाला औताला जुंपत नाहीत, आणि त्यानंतर पाचच दिवसांनी बैलाच्या कष्टाचे न खाण्याचा दिवस येतो. पंचांगातील ही जवळीक शेतकरी समाजाच्या मनातील ऋणाची जाणीव दाखवते असे मानण्यास जागा आहे.

नियम पाळायचा तर भाजी शेतातून नव्हे, परसातून आणावी लागे. मृगाचा पाऊस पडला की कोकणात घरामागच्या परसवात पडवळ, शिराळे, काकडी, भोपळा यांच्या बिया हाताने टोकत आणि वेल मांडवावर चढवत; दीड-दोन महिन्यांत ते फळाला येत आणि गणपतीच्या सुमारास मांडव लगडलेला असे. अळू तर सांडपाण्याच्या वाटेवर आपले आपण माजे. या अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांमुळे घसा खाजतो, आणि चिंच किंवा अंबाड्याच्या आंबटपणाने ती खाज कमी होते हे रसायनशास्त्राच्या आधी स्वयंपाकघराला ठाऊक होते. या भाजीत आंबट का हवेच, याचे उत्तर हे आहे.

या भाजीचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य असे की ऋषींच्या नावाने शिजणाऱ्या या पातेल्यातल्या कित्येक वस्तू कोणत्याही प्राचीन ऋषीने पाहिल्या असणे शक्य नव्हते. मका, लाल भोपळा, मिरची आणि काही घरांत पडणाऱ्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा ही सारी अमेरिका खंडातील पिके होत. 1492 नंतर युरोपियांच्या जहाजांतून ती जगभर गेली आणि 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतरच्या काळात पश्चिम किनाऱ्यावर रुजली. परंपरा भंगली असे मात्र यावरून म्हणता येत नाही. व्रताने वनस्पतींची यादी सांगितली नव्हती, पिकवण्याची रीत सांगितली होती. म्हणून परसात हाताने टोकलेल्या दाण्याचे कणीस परदेशी असूनही चालले आणि नांगरटीचा तांदूळ याच मातीतला असूनही वर्ज्य राहिला. परंपरा म्हणजे जुन्या वस्तूंचा साठा असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य विचारात घ्यावे.

इतर हंगामी भाज्यांचे नियम निराळ्या स्वरूपाचे आहेत. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा-वांगी मनसोक्त खाऊन चातुर्मासापुरती सोडायची आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा खायला लागायचे, ही रीत अनेक घरांत आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी, जिच्यात वांगी, पावटे, गाजर, सोलाणे आणि तिळाचे कूट एकत्र येते आणि जिच्यासोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते, ती तर देशावरच्या नांगरल्या शेताचेच वैभव होय.

नांगरावाचूनची शेती ही काही समाजांसाठी मात्र एका दिवसाचे व्रत नव्हती. रायगडच्या डोंगरउतारांवर ठाकूर आणि कातकरी ज्या दळी जमिनी, म्हणजे जंगलातले हाताने खणून कसायचे तुकडे, करीत आले, तेथे नाचणी आणि वरी पिकत असे. वसाहतकाळात, विशेषतः 1878 च्या वनकायद्यानंतर, जंगलावर सरकारी मालकी बसत गेली आणि अशा शेतीवर निर्बंध आले. शहरातल्या व्रतस्थ घरात ज्या अन्नाला पावित्र्य होते ते पिकवणाऱ्यांनाच अतिक्रमण करणारे ठरवले गेले, ही या इतिहासाची दुःखद बाजू आहे आणि तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिक ठरेल. आजही शेवळे, टाकळा, भारंगी, करटुली या रानभाज्या ओळखून, खुडून मुंबई-ठाण्याच्या बाजारांत आणणाऱ्या बहुतेक याच समाजांतल्या स्त्रिया आहेत.

लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 मध्ये आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये आले. अशा पुस्तकांनी मराठी पाककृतीला ठरीव साहित्य आणि प्रमाण दिले, आणि घरापासून दूर संसार मांडणाऱ्या पिढ्यांवर त्यांचे मोठे उपकार आहेत. ऋषीची भाजी मात्र प्रमाणात बसणारी नाही. कोणत्या घरी किती भाज्या, भेंडी चालते की नाही, आंबट चिंचेचे की अंबाड्याचे, हे सासू-सुनांच्या आठवणीवर चालत आले आहे, आणि माहेरची यादी सासरी आल्यावर बदलते म्हणून एकाच गावात तिचे अनेक पाठ आढळतात. आता परसू राहिले नाही, बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली, आणि भाजी चिरलेल्या वाट्यांनी बाजारात मिळू लागली. त्यामुळे नियमाचा अर्थ पुसट होऊन केवळ मिश्र भाजी मागे उरण्याचा धोका खरा आहे. घराघरांतील वृद्ध स्त्रियांकडून या भाजीतील प्रत्येक जिन्नसाचे स्थानिक नाव, तो कोठून येई आणि कोण लावत असे, एवढे तरी वाचकांनी येत्या भाद्रपदात लिहून ठेवावे.